बिनआमिषाचा वसंत

१५ एप्रिल, मिझुला, मोंटाना

आज अस्वलाचा हंगाम उघडला. अंगणात अजून बर्फ आहे. शेजारचे काका पहाटे चारला गाडी काढून गेले आणि दहाला परत आले. "उठली नाहीत अजून," म्हणाले. सुट्टीतल्या मुलांबद्दल बोलावं तसं.

(काका मी मनात म्हणतो. तोंडावर नावाने हाक मारतो, कारण इथे सत्तरीच्या माणसालाही नावानेच हाक मारतात. पाच वर्षं झाली, जीभ अजून अडखळते.)

१६ एप्रिल

काकांची बंदूक ज्या काडतुसावर चालते त्याच्या नावातच साल आहे : १९०६. दुर्बीण मात्र गेल्या वर्षीची.

१८ एप्रिल

मोंटानात काळ्या अस्वलाचा परवाना काढण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते. समोर अस्वलाचं चित्र येतं. हे काळं अस्वल की ग्रिझली, ते सांगायचं. काळं मारता येतं. ग्रिझलीला १९७५पासून केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, ते मारता येत नाही.

रंगावर जाऊ नका, असं परीक्षेच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच बजावलंय. काळं अस्वल काळं असेलच असं नाही. तपकिरी असतं, दालचिनीच्या रंगाचं असतं, पिवळट असतं. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर तर चक्क पांढरंही असतं. आकारावरही जाऊ नका. खांद्यावर उंचवटा आहे का, कपाळापासून नाकापर्यंतची रेघ सरळ की खोलगट, कान उभे की आखूड गोल, पुढच्या पायाची नखं केवढी, हे सगळं मिळून ठरवा.

मला परवाना घ्यायचा नाही. तरी सराव परीक्षा दिली. पहिल्या फेरीत दोन ग्रिझली मारले.

१९ एप्रिल

१८०६च्या वसंतात लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी परतीच्या वाटेवर इथून डोंगरापलीकडे बर्फ वितळायची वाट बघत अडकले होते. माणसं अस्वलं मारून खात होती. कातडी इतक्या रंगांची निघाली की या जाती किती, याचाच घोळ झाला. शेवटी तिथल्या नेझ पर्स आदिवासींना विचारलं. त्यांनी कातड्यांचे दोन ढीग केले. एका ढिगात लांब नखांची. दुसऱ्यात आखूड नखांची, झाडावर चढणारी.

दोनशे वर्षांनी तीच परीक्षा घेतात.

२२ एप्रिल

आमिष म्हणजे काय, ते काकांनी सांगितलं. लोखंडी पिंप झाडाला साखळीने बांधायचं. त्यात शिळे डोनट, पाव, मक्याच्या लाह्या, काकवी, हॉटेलातलं वापरलेलं तेल. दर दोन-चार दिवसांनी भरत राहायचं. अस्वलाला चटक लागली की समोरच्या झाडावर बसायचं.

आपल्याकडे शिकारकथांत बोकड बांधायचे आणि मचाणावर बसायचे. इथे डोनट.

मोंटानात हे बेकायदा आहे. बिटररूट डोंगररांगेच्या कण्यापलीकडे आयडाहो. तिथे बहुतेक भागांत कायदेशीर. कण्यावर एक पाटी आहे, त्यावर दोन्ही राज्यांची नावं.

२३ एप्रिल

हिवाळाभराचा हिशोब : पाच-सहा महिने खाणं नाही, पिणं नाही, लघवी नाही, शी नाही. लघवीतून बाहेर गेला असता तो युरिया शरीर परत वापरून प्रथिनं बनवतं, म्हणून स्नायू झडत नाहीत. जानेवारीच्या सुमारास, त्या गुंगीतच, मादी विते. पिल्लू पाव-अर्ध्या किलोचं. गर्भ आदल्या उन्हाळ्यातला. पण तो नोव्हेंबरपर्यंत रुजत नाही, तसाच तरंगत राहतो. मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली नसेल तर रुजतच नाही.

ऐपत बघून ठरवायचं, आणि तेही नोव्हेंबरात.

२७ एप्रिल

आधी नर बाहेर येतात. मग एकट्या माद्या. नवी पिल्लं असलेली मादी सगळ्यात शेवटी. वसंतातल्या शिकारीच्या बाजूने जे बोलतात त्यांचं सगळं गणित या क्रमावर उभं आहे. विरोधकांचं म्हणणं, क्रम अस्वलांना पाठ नसतो.

पिल्लांसोबतची मादी मारायची नाही, हा नियम दोन्ही बाजूंना मान्य. अडचण अशी की मादी पिल्लांना झाडावर चढवून एकटीच चरत असते.

२८ एप्रिल

कोलोरॅडोने १९९२मध्ये मतदान घेऊन वसंतातली शिकार, आमिष आणि कुत्रे तिन्ही बंद केलं. ओरेगॉनने १९९४मध्ये आमिष आणि कुत्रे बंद केले, शिकार ठेवली. वॉशिंग्टनच्या वन्यजीव आयोगाने २०२२मध्ये वसंतातली शिकार थांबवली. मेन राज्यात आमिषबंदीवर दोनदा मतदान झालं, २००४ आणि २०१४. दोन्ही वेळा आमिष जिंकलं. ऑन्टारियोने १९९९मध्ये वसंतातली शिकार बंद केली आणि पुढे परत सुरू केली. मोंटानात आमिष नाही, पण २०२१पासून काही भागांत कुत्रे चालतात.

अस्वल सगळीकडे एकच.

३० एप्रिल

न्हाव्याकडे. तो मूळचा आयडाहोचा. म्हणाला, "आमिषावर अस्वल वीस पावलांवर येतं. नर की मादी, मागे पिल्लं आहेत का, सगळं निवांत दिसतं. नको असेल तर सोडून देता येतं. तुझा शेजारी तीनशे यार्डांवरून काय बघणार? गवतात पाठ दिसते फक्त."

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन काकांना सांगितलं.

"बरोबर बोलतो तो," ते म्हणाले आणि बुटांना तेल लावत राहिले.

१ मे

२००७च्या सप्टेंबरात आयडाहोत, केली क्रीकच्या परिसरात, आमिषावर आलेलं एक काळं अस्वल एका शिकाऱ्याने मारलं. ते ग्रिझली निघालं. बिटररूटच्या रानात कित्येक दशकांत ग्रिझली असल्याचा पक्का पुरावा नव्हता. हा मिळाला.

(महाराष्ट्र दिन. इथल्या मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, सिअ‍ॅटलला, साडेसातशे किलोमीटरवर. जाणार नाही.)

४ मे

पहिल्यांदा काकांबरोबर. पहाटे साडेतीनला उठलो. चढून एका कड्यावर बसलो आणि समोरचा दक्षिणेकडे तोंड असलेला उतार बघत राहिलो. दक्षिणउतारावर ऊन आधी येतं, बर्फ आधी जातं, गवत आधी फुटतं. उठलेल्या अस्वलाला पहिले काही आठवडे गवतच हवं असतं. पोट मांसाहाऱ्याचं, गाईसारखं रवंथ करणारं नाही. त्यामुळे जून गवत पचत नाही. कोवळ्यात प्रथिनं असतात, तेवढीच दहा-पंधरा दिवस.

दुर्बिणीतून डोंगर विंचरायचा. आई उवांसाठी डोकं बघायची तसं : एक भांग, मग त्याच्या शेजारचा भांग. घाई केली की राहून जातात.

पाच तासांत दिसलं ते असं : हरणं अकरा, एल्क दोन, गरुड एक, अस्वल शून्य, जळका ओंडका एक. ओंडका तीनदा दिसला.

"बहुतेक अस्वलं ओंडकेच असतात," काका म्हणाले.

५ मे

कमरेवर दोन गोचिडी. खोऱ्यात खाली हॅमिल्टन गावात एक मोठी सरकारी प्रयोगशाळा आहे. ती उभी राहिली तीच इथल्या गोचिडतापाच्या अभ्यासातून. आपल्याकडे दोडामार्गच्या काजूबागांत माकडताप आला तोही गोचिडींमुळेच. गोचीड पायी चालणाऱ्यांनाच भेटते.

७ मे

काकांना विचारलं, तुम्ही तत्त्व म्हणून पायी जाता का? जरा विचार केला त्यांनी.

"मला एका जागी बसवत नाही."

८ मे

वाऱ्याचं शास्त्र. अस्वलाची नजर साधारण आपल्याइतकी, नाक मात्र कुणाच्याही हिशोबात न बसणारं. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली उतरते, तेव्हा अस्वलाच्या खालून जावं. ऊन लागलं की हवा वर चढते, तेव्हा वरून उतरावं. संध्याकाळी पुन्हा उलट. मधल्या अर्ध्या तासात हवेलाच काही ठरवता येत नाही. त्या वेळात सँडविच खावं.

काकांच्या खिशात पांढऱ्या भुकटीची एक चिमुकली प्लास्टिकची बाटली असते. दाबली की धुरळा उडतो, कुठे जातो ते बघायचं. बाटली रिकामी झाली की टाल्कम भरतात. आमच्या शिकारीला बाळाचा वास येतो.

१० मे

दिसलं.

जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर, दरीपलीकडे, हजार-बाराशे यार्डांवर. हे रस्ते बंद झाले तेव्हा माती वाहून जाऊ नये म्हणून जंगलखात्याने त्यांवर क्लोव्हर पेरलं. अस्वलांना ते फार आवडतं. पिंपातलं क्लोव्हर आमिष झालं असतं. रस्त्यावरचं क्लोव्हर मृदसंधारण आहे.

काळंकुळकुळीत. गाईसारखं मान खाली घालून चरत होतं. काकांनी कान बघायला सांगितले. लहान अस्वलाचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि वर आलेले दिसतात. मोठ्याचं डोकं एवढं रुंद होतं की कान दोन बाजूंना चिकटवल्यासारखे वाटतात. याचे कान बाजूंना होते. पाऊण तास आम्ही नुसते बघत बसलो, पिल्लं येतात का म्हणून. आली नाहीत.

मग निघालो. दरीत उतरायला लागलं की अस्वल दिसेनासं होतं. हे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दीड तास आपण आठवणीतल्या अस्वलाकडे चालत असतो. मोठा पिवळसर दगड, त्याच्या डावीकडे दोन मेलेली झाडं, तिथून रस्त्याला लागायचं. जवळून दगड पिवळसर नव्हता आणि मेलेली झाडं नऊ होती. ओढ्याच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे असताना काकांनी बाटली दाबली. धुरळा आमच्याकडे आला. चांगलं. चढावर निम्म्यात पुन्हा दाबली. पुन्हा आमच्याकडे. रस्त्यापासून शंभरेक पावलांवर माझ्या मानेवर गार झुळूक लागली, मागून. एवढीशी. काका थांबले. बाटली काढलीच नाही.

रस्त्यावर पोचलो तेव्हा क्लोव्हर खुडलेलं होतं आणि देठांतून अजून पाणी पाझरत होतं.

१० मे, रात्री

त्याची विष्ठा हिरवीगार, हिरवळ कापून झाल्यावर यंत्रातून पडते तशी. वास गवताचाच.

१२ मे

आईचा फोन. तिला सांगितलं. "कायले जातोस रे?" आई चंद्रपूरला असते. तिकडे वाघाच्या गोष्टी पाहुण्यांना सांगतात, पण भितात अस्वलाला. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायका मोहफुलं वेचायला जातात. त्याच वेळी, त्याच झाडाखाली, त्याच फुलांसाठी अस्वल येतं. इथलं काळं अस्वल वेगळं, आमचं वेगळं; आमचं लांब केसांचं, वाळवी खाणारं. अचानक समोरासमोर आलं तर पळत नाही, अंगावर येतं. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहे.

संध्याकाळी काकांना हे सांगितलं.

"बंदुका नसतात त्यांच्याकडे?"

"नाही."

"स्प्रे?"

"नाही. घोळक्याने जातात. मोठमोठ्याने बोलत."

"तेच सगळ्यात चांगलं," काका म्हणाले.

१३ मे

अस्वलाच्या स्प्रेत असतं काय, ते डब्यावर वाचलं. मिरचीतला तिखट अंश, एक ते दोन टक्के. पाच वर्षांत इथे मिळालेली सगळ्यात तिखट गोष्ट, आणि ती खायची नाही.

१४ मे

लहानपणी दारी दरवेशी यायचा. नाकातून दोर ओवलेलं अस्वल. मला त्याच्या पाठीवर बसवलं होतं, भीती जाते म्हणून. त्याचा एक केस ताइतात घालून दंडाला बांधला. ताईत दहावीपर्यंत होता. अस्वलाच्या दातांबद्दल तेव्हा कुणी बोललं नाही. ते काढून टाकत, हे मी फार नंतर वाचलं.

१६ मे

तीन काळी अस्वलं.

टेडी : १९०२, मिसिसिपी. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट शिकारीला गेले, अस्वल मिळेना. होल्ट कोलियर या वाटाड्याने, जो जन्माने गुलाम होता, कुत्र्यांच्या मदतीने एक अस्वल पकडून झाडाला बांधलं. बांधलेल्यावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. व्यंगचित्र निघालं, त्यावरून खेळणं निघालं. अस्वल जखमी होतं. त्यांच्याच सांगण्यावरून ते सुऱ्याने मारलं. ते व्यंगचित्रात नाही.

विनी : १९१४, ऑन्टारियो. आई शिकाऱ्याने मारलेली. पिल्लू रेल्वे स्टेशनवर एका लष्करी पशुवैद्याने वीस डॉलरला घेतलं. पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका लेखकाच्या मुलाला ते आवडलं.

स्मोकी : १९५०, न्यू मेक्सिको. वणव्यात भाजलेलं पिल्लू. उरलेलं आयुष्य वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात, वणव्याविरुद्ध प्रचार करण्यात गेलं.

काकांच्या नातवाकडे तिघंही आहेत.

१९ मे

बंदुका आणि काडतुसांवर इथे एक केंद्रीय कर आहे, दहा-अकरा टक्के. १९३७पासून तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. दुर्बिणीवर हा कर नाही.

मी फक्त दुर्बीण घेतली आहे.

२१ मे

काकांनी अस्वल मारलं. मी मीटिंगमध्ये होतो.

२१ मे, संध्याकाळी

मांस आणायला गेलो. दोन खेपा, प्रत्येक खेपेला अडीच तास. काळं अस्वल दालचिनीच्या रंगाचं होतं. नर. काका एका फांदीआड तीन तास बसून होते. ज्यांना एका जागी बसवत नाही ते. गोळी एक, एकशेसत्तर यार्डांवरून. सांगताना आवाज नेहमीचाच होता, फक्त "तो" म्हणाले. आधी सगळा महिना "ते" होतं. (इंग्रजीत हा फरक ऐकू येतो, चुकून होत नाही.)

कातडं उतरवल्यावर अस्वल माणसासारखं दिसतं, असं सगळे शिकारी सांगतात. दिसतं.

२२ मे

मिनेसोटात छप्पन्न क्रमांकाची एक मादी होती. १९८१मध्ये तिला संशोधकांनी पट्टा घातला तेव्हा ती सात वर्षांची होती. २०१३मध्ये गेली, म्हातारपणाने, एकोणचाळीस पूर्ण करून. रानातल्या अस्वलांत एवढ्या वयाची नोंद दुसरी नाही. बत्तीस वर्षं तिच्या रानात शिकार चालूच होती. शेवटी नजर अधू झाली होती, ऐकूही कमी येत होतं.

वय कळतं दातावरून. पुढच्या सुळ्यामागचा बारका दात काढतात, मुळाचा पातळ काप घेतात, झाडाच्या खोडासारखी वर्तुळं मोजतात. दर हिवाळ्याला एक.

२४ मे

काकूंनी चरबी कढवली. पांढरीशुभ्र, बरणीत गोठली की तुपासारखी. थोडी बुटांना, बाकी ‘पाय’ नावाच्या पक्वान्नाच्या पारीला. मोहन म्हणून उत्तम, असं दोघंही म्हणाले. बरणी पुढे केली. घेतली. फ्रिजमध्ये आहे, आईला सांगितलेलं नाही.

२५ मे

अस्वलाचं मांस कच्चट खाल्लं तर ट्रायकिनेला नावाचे जंत होतात. त्याची उत्तरेकडची जात गोठवूनही मरत नाही. २०२२मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाचं स्नेहसंमेलन होतं. सस्कॅचेवानमध्ये मारलेल्या काळ्या अस्वलाचं मांस, दीड महिना फ्रीझरमध्ये ठेवलेलं, त्याचे कबाब केले. मांस मुळातच गडद, त्यामुळे शिजलं की नाही ते कळेना. सहा जण आजारी पडले.

त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं. त्या मांसासोबत शिजवलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या.

(माझ्या शाकाहारी मावसभावाला हे पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.)

२६ मे

काकांकडे जेवण. आम्ही सगळे भांड्याभोवती उभे, मध्ये थर्मामीटर. १६५ फॅरनहाइट होईपर्यंत कुणी बसलं नाही. चवीला मेंढी आणि गाय यांच्या मधलं काहीतरी, जरा गोडसर. वर मी घरून नेलेला गोडा मसाला टाकला. काकांनी दुसऱ्यांदा घेतलं आणि मसाल्याचं नाव लिहून घेतलं.

खुर्चीत बसूनही आणखी दोन तास काका अस्वलाबद्दल काही बोलले नाहीत. वाऱ्याबद्दल बोलले.

२९ मे

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एकेकाळी हॉटेलांचा कचरा एका ठिकाणी टाकत आणि समोर पर्यटकांसाठी लाकडी बाकं होती. संध्याकाळी अस्वलं जेवायला येत, पर्यटक बघत. तो खेळ १९४०च्या दशकात बंद झाला, कचऱ्याचे खड्डे १९७०च्या सुमारास. फोटोत बाकांवर माणसं छान कपडे घालून बसलेली दिसतात.

२ जून

काल रात्री आमच्या गल्लीत अस्वल आलं. कोपऱ्यावरच्या घरी पक्ष्यांसाठी टांगलेलं दाण्यांचं भांडं काढून घेतलं, सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या, शेजारच्यांचा कचऱ्याचा डबा आडवा केला, आत पिझ्झा होता. वन्यजीव खात्याच्या माणसाने सकाळी येऊन फोटो काढले. डब्याचं झाकण अस्वलाला न उघडणारं हवं, असा शहराचा नियम आहे. आडव्या झालेल्या डब्याचं साधं होतं.

रानातल्या एका पिंपासाठी दंड आहे, परवाना जातो. गल्लीत मी सहज मोजली : बियांची भांडी चौदा, साध्या झाकणाचे डबे सहा, खाली फळं सडलेली सफरचंदाची झाडं तीन (मागच्या वर्षीची फळं, बर्फाखालून निघालेली). आमच्या घरचं भांडं धरून चौदा.

त्या माणसाने सांगितलं, पहिल्यांदा हुसकावतात. दुसऱ्यांदा भूल देऊन लांब सोडतात. सोडलेलं बहुतेक वेळा परत येतं. तिसऱ्यांदा काय, ते त्याने सांगितलं नाही, काकांनी सांगितलं.

३ जून

मोंटानात राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात इथे नातेवाइकांकडे येणाऱ्या मराठी मंडळींना विनंती : एप्रिल ते नोव्हेंबर पक्ष्यांचं भांडं खाली उतरवून ठेवा, आणि कचरा रात्री नव्हे, गाडी यायच्या दिवशी सकाळी बाहेर काढा. आमचं भांडं आज उतरवलं. त्यात अर्धा किलो बिया होत्या.